घराण्यात चालत आलेला घोळणा: वाचकांच्या शंका आणि त्यांची उत्तरे

मागील अंकात उन्हाळ्यातील आजारांविषयी लिहिताना घोळणा फुटण्याचा उल्लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे केवळ उन्हाच्या त्रासाची नाहीत. ज्या घरांत आजोबा, मुलगी आणि नातू अशा सलग पिढ्यांच्या नाकातून वारंवार रक्त येते, त्या घरांतून ती आली आहेत. या अंकातील सगळी जागा मी त्यांनाच देत आहे, कारण एचएचटी नावाचा हा आनुवंशिक आजार ओळखला जाईपर्यंत बहुधा अनेक वर्षे निघून जातात आणि त्या उशिराची झळ नाकापेक्षा फार मोलाच्या अवयवांना बसते. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न: आदरणीय डॉक्टर मॅडम, मी 44 वर्षांची शिक्षिका असून नागपुरात मानेवाडा भागात राहते. शाळेत असल्यापासून माझा घोळणा फुटतो. वडिलांचाही फुटत असे आणि घरात सगळे त्याला उष्णता म्हणत. ते पन्नाशीत मेंदूत पू होऊन वारले. तिशीनंतर माझ्या ओठांवर, जिभेवर आणि बोटांच्या टोकांवर बारीक लाल ठिपके दिसू लागले. आता उन्हाळ्यात जवळजवळ रोज रक्त येते, कधी वर्गात शिकवतानाही येते. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या चांगल्या आहेत, सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह आहे, परंतु हिमोग्लोबिन 7.4 आहे. नाकातील नस तीनदा जाळून घेतली. दर वेळी काही महिने बरे वाटले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता एका तज्ज्ञांनी हा एचएचटी नावाचा आनुवंशिक आजार असल्याचे सांगितले आहे. नस पुन्हा जाळावी का? कायमचा उपाय आहे का? माझ्या 15 वर्षांच्या मुलाचाही घोळणा अधूनमधून फुटतो, त्याचे काय करावे?

उत्तर: आपल्याला मिळालेले निदान बरोबर आहे, असे आपल्या पत्रावरून मला वाटते. हेरिडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया हे या आजाराचे पूर्ण नाव असून ऑस्लर, वेबर आणि रेंदू या तीन वैद्यांच्या नावांनीही तो ओळखला जातो. रेंदू यांनी 1896 मध्ये, ऑस्लर यांनी 1901 मध्ये आणि वेबर यांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. आज त्याचे निदान 2000 साली ठरलेल्या क्युरासाओ निकषांवर होते. आपोआप आणि वारंवार नाकातून रक्त येणे, ओठ, तोंड, बोटे किंवा नाक येथे ठरावीक लाल ठिपके असणे, फुप्फुस, यकृत, मेंदू किंवा आतडे यांच्यात रक्तवाहिन्यांची विकृती आढळणे, आणि आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला हा आजार असणे, असे हे चार निकष आहेत. त्यांपैकी तीन जुळले की निदान निश्चित मानतात आणि दोन जुळले की संशयित. आपल्या बाबतीत पहिले दोन स्पष्ट आहेत, आणि वडिलांचा घोळणा व त्यांच्या मृत्यूचे कारण पाहता चौथाही जवळजवळ निश्चित आहे. जगभरात साधारणपणे दर 5000 माणसांमागे एकाला हा आजार असल्याचे मानले जाते. नागपूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 24 लाखांवर होती. हेच प्रमाण आपल्याकडे धरले, तर एकट्या नागपुरात काहीशे रुग्ण असावेत आणि त्यांपैकी बहुतेक जण अजून उष्णतेवरचीच औषधे घेत असावेत.

आपल्या रक्ताच्या तपासण्या चांगल्या येतात याचे कारण असे की दोष रक्तात नाही, रक्तवाहिन्यांच्या घडणीत आहे. शरीरात धमनीतले रक्त बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यात विभागले जाते, तेथे त्याचा दाब उतरतो आणि मगच ते शिरांकडे वळते. या आजारात काही ठिकाणी ते जाळे तयारच होत नाही. पेंच कालव्याचे पाणी पाटचाऱ्यांमध्ये न विभागता थेट एखाद्या कच्च्या बांधावर सोडले तर जे होईल, तेच तेथे होते. दाबाखालचे रक्त पातळ भिंतीच्या, फुगलेल्या नळीत शिरते आणि नाकासारख्या जागी, जिथे श्वासाची कोरडी हवा सतत घासून जाते, तिथे ती नळी फुटते. तिच्या भिंतीला पुरेसा स्नायू नसल्यामुळे ती आकुंचन पावून स्वतःहून मिटतही नाही. आपल्या ओठांवरचे आणि बोटांवरचे ठिपके याच फुगलेल्या नळ्या आहेत.

आता आपला मुख्य प्रश्न. नस पुन्हा जाळू नये, निदान आतापर्यंत जाळली त्या पद्धतीने तरी जाळू नये, असे माझे ठाम मत आहे. साध्या घोळण्यात नाकाच्या पुढच्या भागातली एखादीच नस दोषी असते, ती बंद केली की काम भागते. आपल्या नाकात अशा नळ्या अनेक आहेत आणि एक जाळली तरी शेजारी नवी तयार होण्याची प्रवृत्ती शरीरात कायम आहे. दर वेळच्या जाळण्याने नाकाचे अस्तर मात्र सुकत जाते, खपल्या वाढतात आणि त्या निघताना पुन्हा रक्त येते. मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजू वारंवार जाळल्यास त्याला आरपार भोक पडू शकते आणि ते भोक हे रक्तस्रावाचे आणखी एक ठिकाण होऊन बसते. आजार जन्मजात असल्यामुळे तो मुळापासून नाहीसा करणारा उपाय आज उपलब्ध नाही, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. परंतु रोज येणारे रक्त क्वचित येऊ लागावे, हिमोग्लोबिन 12 पर्यंत जावे आणि वर्गात निर्धास्तपणे उभे राहता यावे, इतके साध्य होण्याजोगे उपाय निश्चित आहेत. ते पायरीपायरीने करावे लागतात. या आजारावरील दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने, जी 2020 मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झाली, तोच क्रम सांगितला आहे.

पहिली पायरी नाक ओलसर ठेवण्याची आहे. ती इतकी साधी आहे की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही तिच्याकडे दुर्लक्ष करतात, म्हणून मी तिच्यावर थोडे अधिक लिहिते. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या 0.9 टक्के सलाइनचा फवारा दिवसातून किमान दोनदा आणि एप्रिल-मे महिन्यांत चार-पाच वेळा दोन्ही नाकपुड्यांत मारावा. फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे न करता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने करावे. रात्री झोपताना नाकाच्या तोंडाशी सलाइन जेल किंवा मऊ मलम हलक्या हाताने लावावे. 2016 मध्ये जामा या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तीन औषधांचे नाकातील फवारे साध्या सलाइनच्या फवाऱ्याशी ताडून पाहण्यात आले, आणि तिन्हींपैकी एकही सलाइनपेक्षा सरस ठरला नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की निरोगी माणसाचेही नाक चरचरते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हवेत ओलावा मिसळतो, एसी तो ओलावा काढून घेतो. म्हणून या रुग्णांनी शक्य तेथे कूलरच वापरावा, मात्र त्याचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये आणि टाकीतले पाणी नियमितपणे बदलावे. एसीतच झोपायचे असेल तर खोलीत ह्युमिडिफायर असावा. बाहेर पडताना नाकातोंडावर दुपट्टा बांधण्याची आपली वैदर्भीय सवय या आजारातही उपयोगी आहे, कारण उच्छ्वासातला ओलावा त्यात अडकतो. डिसेंबर-जानेवारीतील कोरड्या थंडीतही हीच काळजी घ्यावी. नाकात बोट घालणे, जोराने शिंकरणे आणि तपकीर ओढणे पूर्णपणे वर्ज्य समजावे. तिखट रस्सा किंवा मद्य घेतल्यावर रक्त येते, असे काही रुग्ण सांगतात. सर्वांनाच तसे होत नाही, त्यामुळे महिनाभर वही ठेवून आपल्याला काय बाधते ते आपणच ताडून पाहावे.

एवढ्याने भागले नाही तर दुसरी पायरी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांची. तयार झालेली गुठळी लवकर विरघळू नये म्हणून त्या देतात. त्यांनी घोळण्याचा कालावधी आणि तीव्रता कमी होते. पायातील शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल तर त्या देण्याआधी फार विचार करावा लागतो, म्हणून त्या स्वतःहून घेऊ नयेत. तिसरी पायरी नाकातील प्रक्रियांची आहे, परंतु ती या आजाराचा अनुभव असलेल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून आणि दुर्बिणीतून प्रत्येक नळी पाहूनच व्हावी. त्यासाठी लेसर, रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा स्क्लेरोथेरपी वापरतात. स्क्लेरोथेरपीत पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरले जाणारे औषध अत्यल्प प्रमाणात थेट नाकातील विकृत नळीशी टोचतात. अस्तर न जाळता नळी आतून बंद होते, म्हणून आपल्यासारख्या तीनदा जाळलेल्या नाकासाठी मला ती अधिक योग्य वाटते. या सर्व प्रक्रियांचा परिणाम काही महिने ते काही वर्षे टिकतो आणि त्या पुन्हा कराव्या लागू शकतात, हे आधीच समजून घेतले म्हणजे नंतर निराशा होत नाही.

त्यापुढची पायरी बेव्हासिझुमॅबची. या आजारात रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ हा घटक गरजेपेक्षा अधिक काम करतो, आणि मूळचे कर्करोगासाठी बनवलेले हे औषध त्याच घटकाला अडवते. ते शिरेतून, आरंभी दर दोन आठवड्यांनी आणि नंतर लांब अंतराने देतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील 238 रुग्णांच्या पाहणीत त्यांचे सरासरी हिमोग्लोबिन 8.6 वरून 11.8 पर्यंत गेल्याचे दिसले. रक्तदाब वाढणे, लघवीतून प्रथिने जाणे, जखम उशिरा भरणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत, त्यामुळे त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. ज्यांना इतके करूनही वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहेत. एकीत नाकाच्या पडद्यावरचे नाजूक अस्तर काढून तेथे मांडीची त्वचा बसवतात. दुसरीत नाकपुड्या शिवून कायमच्या बंद करतात. नाकातून हवा जाणेच थांबले की रक्त येणेही बहुधा थांबते. नाकपुड्या बंद करण्याचा विचार ऐकायला भयंकर वाटतो आणि वासाची संवेदना त्यात जाते. तरीही दर महिन्याला रक्ताची पिशवी घेणाऱ्या माणसाला तोंडाने श्वास घेण्याची सवय हा सुसह्य बदल वाटू शकतो. आपल्याला तेथवर जावे लागेल असे मला आज वाटत नाही.

नाकावरचे उपाय चालू असतानाच गेलेले लोह भरून काढणे अत्यावश्यक आहे. हिमोग्लोबिन 7.4 असताना आपण उभे राहून शिकवता, ही आपल्या चिकाटीची गोष्ट असली तरी हृदयावर तो अन्याय आहे. फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहसाठ्याची, तपासणी करून घ्यावी. लोहाची गोळी दिवसातून एकदा किंवा दिवसाआड, रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर किंवा हंगामात संत्र्याबरोबर घ्यावी आणि तिच्या आगेमागे दोन तास चहा टाळावा, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. गोळ्या सोसत नसतील किंवा रक्त जाण्याचा वेग भरून येण्यापेक्षा अधिक असेल, तर शिरेतून लोह देता येते. आपल्या हिमोग्लोबिनच्या आकड्याकडे पाहता मी आपल्या डॉक्टरांना त्याचाच आग्रह धरण्यास सुचवेन. पालेभाज्या आणि गूळ जरूर खावेत, परंतु इतकी तूट अन्नाने भरून निघत नाही.

आता आपण ओघात लिहिलेल्या एका वाक्याकडे वळते. वडील मेंदूत पू होऊन गेले, असे आपण लिहिता. या आजाराच्या तीन रुग्णांपैकी एकाच्या, काही पाहण्यांत तर जवळजवळ निम्म्यांच्या फुप्फुसांत धमनी आणि शीर थेट जोडलेल्या असतात. फुप्फुसांतील केशवाहिन्यांचे जाळे एरवी रक्तातील जंतू आणि बारीक गुठळ्या अडवून धरते. ते जाळे ओलांडून गेलेले जंतू मेंदूत पोहोचले तर तेथे पू होतो, गुठळी पोहोचली तर पक्षाघात होतो. वडिलांचे नेमके काय झाले हे आज सिद्ध करता येणार नाही, परंतु त्यांच्या मृत्यूचे कारण आपल्या फुप्फुसांच्या तपासणीची निकड सांगते, आणि ती तपासणी नाकाच्या कोणत्याही प्रक्रियेपूर्वी व्हावी असे मी आग्रहाने सांगते. तपासणी सोपी आहे. हृदयरोगतज्ज्ञ सोनोग्राफीने हृदय पाहत असताना हाताच्या शिरेत हलवून बुडबुडे केलेले सलाइन टोचतात. फुप्फुसे निर्दोष असतील तर ते बुडबुडे तेथेच अडतात आणि हृदयाच्या डाव्या बाजूला दिसत नाहीत. दिसले तर छातीचा सीटी स्कॅन करतात. धोकादायक नळी आढळल्यास मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन धातूच्या गुंडाळीने किंवा प्लगने ती बंद करतात, छाती उघडावी लागत नाही. नागपुरात मिहानमधील एम्स किंवा मेडिकलचे (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे) सुपर स्पेशालिटी रुग्णालय येथे प्रथम विचारणा करावी आणि जाताना जुने सर्व कागद बरोबर न्यावेत. हा निकाल हाती येईपर्यंत दात काढणे किंवा हिरड्यांचे उपचार करण्याआधी दंतवैद्यांना आजार सांगून प्रतिजैविक मागून घ्यावे, आणि सलाइन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहू नये असे परिचारिकेला आवर्जून सांगावे. लोहाची कमतरता असताना अशा फुप्फुसांच्या रुग्णांत पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे लोह भरण्याचा मुद्दा येथेही लागू आहे. मेंदूचा एमआरआयही एकदा करून घ्यावा.

राहिला मुलगा. विदर्भातील वाचकांना सिकलसेलमुळे एएस (वाहक) आणि एसएस (आजारी) ही अक्षरे परिचित आहेत. तेथे आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी पडते. एचएचटीचा नियम वेगळा आहे. येथे एकाच पालकाकडून आलेले एक सदोष जनुक पुरेसे असते, त्यामुळे प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, आजार येण्याची शक्यता 50 टक्के असते आणि साधा वाहक असा प्रकार येथे नसतो. निरोगी मुलांचाही घोळणा फुटतो, म्हणून तेवढ्यावरून मुलाला आजार आहे असे म्हणता येत नाही. आणि लाल ठिपके बहुधा उशिरा उमटतात, म्हणून ते नाहीत यावरून तो निर्दोष आहे असेही म्हणता येत नाही. प्रथम आपली जनुकीय तपासणी करावी. बहुतेक रुग्णांत दोष एंडोग्लिन, एसीव्हीआरएल1 किंवा एसएमएडी4 या तीन जनुकांपैकी एकात सापडतो. आपल्यात तो सापडला की मुलाच्या रक्तात नेमका तोच शोधता येतो आणि स्पष्ट उत्तर मिळते. दोष एसएमएडी4 मध्ये निघाला तर मोठ्या आतड्यात गाठी होण्याचा धोकाही असतो आणि दुर्बिणीने त्याची तपासणी वयाच्या 15 व्या वर्षापासूनच सुरू करतात. जनुकीय तपासणी शक्य नसेल तर मुलाला आजार आहे असे समजूनच त्याची फुप्फुसे तपासावीत आणि निर्दोष आढळली तरी दर पाच वर्षांनी पुन्हा पाहावीत. आपल्या भावंडांनाही हे उत्तर वाचायला द्यावे. त्यांच्यापैकी कोणाचा घोळणा कधीच फुटला नसला तरीही द्यावे.

प्रश्न: माझ्या नातवाला हाच आजार आहे. रक्त आले की आम्ही त्याला उताणे निजवून डोक्यावर थंड पाणी ओततो, कांदा फोडून हुंगवतो आणि नाकात दूर्वांचा रस किंवा तुपाचे थेंब सोडतो. यात काही अपाय आहे का? (एक आजी, महाल, नागपूर)

उत्तर: आजी, उताणे निजवणे तेवढे आजपासून थांबवा. तसे केल्याने रक्त घशात उतरते, पोटात जाऊन ओकारी होते आणि किती रक्त गेले याचा अंदाज येत नाही. त्याला ताठ बसवा, मान किंचित पुढे झुकवा आणि नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबून धरा. घड्याळ पाहून सलग पंधरा मिनिटे धरा, थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच सोडू नका. त्याने तोंडाने श्वास घ्यावा आणि घशात आलेले रक्त थुंकावे. थंड पाण्याने आणि कांद्याने फारसा अपाय नाही, परंतु त्यांत दाबण्याची मिनिटे जातात. घरी काढलेला रस नाकात घालू नका, कारण तो जंतुविरहित नसतो. तुपाचे बोट नाकाच्या तोंडाशी अलगद फिरवण्यास हरकत नाही, मात्र निजवून थेंब सोडल्यास स्निग्ध पदार्थ हळूहळू फुप्फुसात उतरून तेथे दाह करू शकतो.

अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, चक्कर आली किंवा मूल पांढरे पडले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तेथे आजाराचे नाव सांगावे आणि नाकात कोरडी पट्टी कोंबू नये, आपोआप विरघळणारे पॅक किंवा नीट वंगण लावलेला फुगा वापरावा, अशी विनंती करावी. कोरडी पट्टी ओढून काढताना अस्तर सोलले जाते आणि रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. या सूचना एका कागदावर लिहून, खाली आपल्या डॉक्टरांची सही घेऊन, तो कागद नातवाच्या दप्तरात आणि एक प्रत वर्गशिक्षकांकडे ठेवावी.

प्रश्न: वय 63, कामठी. मला एचएचटी आहे. सहा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला. तेव्हापासून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असून घोळणा फार वाढला आहे. गोळ्या बंद करू का?

उत्तर: स्वतःहून बंद करू नका. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होणे हे घोळण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. एचएचटीच्या रुग्णाला गरज असेल तर रक्त पातळ करणारे औषध देता येते, हे आज मान्य झाले आहे. मात्र दोन गोळ्या एकत्र देणे शक्यतो टाळावे किंवा त्यांचा काळ कमीत कमी ठेवावा, असे मार्गदर्शिका सांगते. सहा महिने झाले आहेत, तेव्हा दोहोंपैकी एक गोळी आता थांबवता येईल का, हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांशी त्यांचे बोलणे करून द्या. तोवर सलाइनचा फवारा वाढवा. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही रक्त वाढते, त्या घेऊ नका. गरज पडल्यास पॅरासिटामॉल घ्या. आपल्या वयात एक गोष्ट अधिक पाहावी लागते. पन्नाशीनंतर काही रुग्णांत जठर आणि लहान आतड्यातूनही रक्त झिरपते. नाकातून जाते त्या मानाने हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर एंडोस्कोपी करून घ्यावी. लोहाच्या गोळीने शौच काळे होते, त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये.

प्रश्न: माझ्या मोठ्या भावाला दर दोन महिन्यांनी रक्त चढवावे लागते. थॅलिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड या गोळ्यांविषयी ऐकले. त्या सुरक्षित आहेत का? (नंदनवन, नागपूर)

उत्तर: थॅलिडोमाइडने विकृत रक्तवाहिन्यांच्या भिंती बळकट होऊन घोळणा कमी होतो, हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते, परंतु दीर्घकाळ घेतल्यास ते हातापायांचे मज्जातंतू बधिर करते आणि ही हानी बऱ्याचदा भरून येत नाही. पोमॅलिडोमाइड हे त्याच कुळातील नवे औषध आहे. 144 रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोज 4 मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तस्राव लक्षणीय घटला आणि रुग्णांचे दैनंदिन जीवन सुधारले. पांढऱ्या पेशी कमी होणे, बद्धकोष्ठता आणि अंगावर पुरळ हे दुष्परिणाम आढळले. ही औषधे मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर वापरली जातात आणि भारतीय कंपन्याही ती बनवतात, परंतु ती केवळ रक्तरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. दोन्ही औषधे गर्भाला अतिशय घातक आहेत आणि पुरुषाने घेतली तरी गर्भधारणा टाळण्याचे नियम कडक असतात. दर दोन महिन्यांनी रक्त लागत असेल तर आपल्या बंधूंसाठी बेव्हासिझुमॅब किंवा पोमॅलिडोमाइड यांपैकी एकाचा विचार करण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. डॉक्टरांकडे जाताना मागील तीन महिन्यांत किती वेळा, किती मिनिटे आणि किती जोराने रक्त आले, रुग्णालयात जावे लागले का, पंडुरोग आहे का आणि रक्त चढवले का, या सहा गोष्टी लिहून न्याव्यात. त्यांवरून घोळण्याच्या तीव्रतेचे दहापैकी गुण काढतात, आणि उपचाराने फरक पडला की नाही हे पुढे त्याच मापाने मोजता येते.

प्रश्न: मी 27 वर्षांची असून चार महिन्यांची गरोदर आहे. मला आणि आईला एचएचटी आहे. घोळणा वाढला आहे. बाळाला आणि मला धोका आहे का? (वर्धा रोड, नागपूर)

उत्तर: गरोदरपणात नाकाचे अस्तर फुगते, त्यामुळे घोळणा वाढणे अपेक्षित आहे, सलाइन, मलम आणि लोह हेच त्यावरचे पहिले उपाय. एचएचटी असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. तरीही सुमारे एक टक्का गरोदरपणांत आईच्या जिवावर बेतते आणि त्याचे मोठे कारण फुप्फुसातील नळी फुटणे हे असते. आपली फुप्फुसे पूर्वी तपासली नसतील तर वर सांगितलेली बुडबुड्यांची तपासणी याच महिन्यात करून घ्यावी, ती बाळाला सुरक्षित आहे. विकृती आढळल्यास ती बंद करण्यासाठी चौथ्या महिन्यापासून पुढचा काळ योग्य असतो, त्यामुळे बाळंतपणापर्यंत थांबू नये. खोकल्यातून रक्त आले किंवा एकाएकी धाप लागली, तर रात्र असो वा दिवस, घरी न थांबता मोठ्या रुग्णालयात जावे. बेव्हासिझुमॅब, थॅलिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड ही औषधे या काळात वर्ज्य आहेत. मेंदूत धोकादायक विकृती नसेल तर नैसर्गिक प्रसूतीला आणि पाठीतून दिल्या जाणाऱ्या भुलीला केवळ या आजारामुळे नकार देण्याचे कारण नाही. बाळंतपणासाठी असे रुग्णालय निवडावे जिथे रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एकाच आवारात आहेत, आणि सातव्या महिन्यापूर्वीच तेथील स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांना आपले कागद दाखवून ठेवावेत. आपला जनुकीय दोष कोणता हे कळले असेल तर बाळाची तपासणी जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून करता येते. त्यासाठी नमुना घेण्याची सूचना प्रसूतीच्या कागदांवर आधीच लिहून घ्यावी.